साडूंचा सव्वीस जानेवारीचा बेत

खाणारी माणसं जगात पुष्कळ, खाऊ घालणारीही पुष्कळ. पण काय खायचं ते ठरवण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्कांचे, हे यजमान. अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते आणि कारखान्याच्याच वसाहतीत राहत. पगार घेत तो यंत्रांचे सुटे भाग मापात आहेत की नाहीत हे तपासण्याचा, पण जीव सगळा दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. कुणाकडे चार पाहुणे येणार असं कानावर आलं की हे डोळे मिटत, मान जराशी तिरपी करत आणि दोन मिनिटांत लिंबाच्या फोडीपासून विड्यापर्यंत सगळं ताट हवेत मांडून मोकळे होत. कागद-पेन्सिल कधी घेतली नाही. 'कागदावर उतरला की बेत शिळा होतो,' असं त्यांचं म्हणणं. स्वतः स्वयंपाक म्हणाल तर चहासुद्धा येत नव्हता. अक्का एकदा बाहेर गेल्या असताना त्यांनी दूध तापवायला ठेवलं, ते वर यायला लागलेलं पाहून घाबरले आणि शेजारणीला बोलावून आणलं. भूकही यथातथाच. दीड पोळी, वाटीभर आमटी आणि वर आम्लपित्ताची तक्रार.

त्यांची ओळख मला झाली ती मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा. सासरच्या मंडळींच्या वतीने प्रश्न विचारायला त्यांनाच बसवलं होतं. मी नोकरी, पगार, पुढची बढती या सगळ्याची उत्तरं पाठ करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, 'तुमच्या घरी कटाच्या आमटीला खोबरं भाजून घेतात की ओलंच वाटतात?' मी म्हणालो, भाजून. त्यांनी सासऱ्यांकडे पाहून मान डोलावली आणि माझं लग्न ठरलं. ओलंच म्हणालो असतो तर आज हे लिहायला मी कुठल्या घरी असतो कोण जाणे.

त्यांचे नियम मात्र कडक. ताटात दोन पिवळे पदार्थ आले तर त्यातल्या एकाने राजीनामा द्यायचा. चिंचेची आमटी असेल त्या दिवशी कोशिंबीर दह्याची नको, कारण दोन आंबट एका पंगतीला बसले की भांडतात. पाहुणा कोकणातला असेल तर त्याला सोलकढी करून घालू नये, कारण तो जेवता जेवता आपल्या आईची सोलकढी काढून बसतो. हे नियम ते घरापुरते ठेवते तर ठीक होतं, पण स्टेशनबाहेरच्या भाजीवालीपाशी एखादा अनोळखी गृहस्थ गवार आणि वांगी एकदम घेताना दिसला की ते त्याच्या पिशवीला हात लावून विचारत, 'दोन्ही आजच?' एकदा एकाच्या घरी आम्ही दोघे समाचाराला गेलो होतो. मंडळी रडत होती, यांचे डोळे मिटलेले. मला वाटलं, गेलेल्याची आठवण काढताहेत. बाहेर पडल्यावर म्हणाले, 'तेराव्याला यांच्याकडे खिरीचा घोळ होणार. गव्हल्यांची करतील, आणि माणसं आहेत पन्नास.' घोळ झाला. खीर पुरली नाही. त्यानंतर आमच्या नात्यातली माणसं त्यांना हसायची खरी, पण मुंज-बारसं निघालं की आधी त्यांनाच निरोप धाडायची.

असा हा माणूस, ज्याने साऱ्या गणगोताच्या पंगती ठरवल्या, त्याच्या स्वतःच्या घरात महिन्यातून एक दिवस मात्र चूल पेटत नसे. आणि तो दिवस म्हणजे आमचे सासरे, नाना, येण्याचा.

नाना बदलापूर गावात राहत. शाळेत मास्तर होते, निवृत्त झालेले, सासूबाई जाऊन बरीच वर्षं झालेली. दोनच मुली, दोघी अंबरनाथला, एक रुळांच्या अलीकडे आणि एक पलीकडे. आता आपल्याकडची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक आहे: मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरी अन्न घ्यायचं नाही. आम्हाला मुलगा झाला आणि नानांचा पाट आमच्याकडे मांडला जाऊ लागला. अक्कांच्या लग्नाला एक तप उलटून गेलं, पाळणा काही हलला नाही. नाना यायचे ते आधी थोरलीकडे. ओट्यावर बसून तास-दीड तास गप्पा, पेला दोन पेले पाणी, आणि मग जेवायची वेळ झाली की उठून, धोतराचा सोगा सावरत, रूळ ओलांडून आमच्याकडे. अक्का त्यांना फाटकापर्यंत पोचवायला येत, हसून निरोप देत आणि घरी परत जाऊन त्या दिवशी जेवत नसत. विचारलं तर म्हणत, भूक नाही. इकडे माझी बायको नानांच्या पानात भात वाढताना मान वर करत नसे. बापाला जेवू घालण्याचं सुख तिला कधी सरळ घेता आलं नाही.

साडूंनी यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. मग प्रजासत्ताक आलं.

सव्वीस जानेवारीची सुट्टी नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. दिवाळी नुकतीच संपलेली, आणि साडू एका संध्याकाळी आमच्याकडे आले ते डोळे मिटूनच आले म्हटलं तरी चालेल. म्हणाले, 'संक्रांतीला गूळपोळी, होळीला पुरणपोळी, नागपंचमीला दिंडं, गणपतीला मोदक. सव्वीस जानेवारीला काय?' मी म्हणालो, झेंडावंदन. त्यांनी माझ्याकडे कीव येऊन पाहिलं. एवढी मोठी घटना लिहिली, पण त्या दिवशी घरोघर काय करायचं ते त्यात कुणी लिहिलं नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आणि मग आवाज खाली आणून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. या सणाला पूर्वज नाहीत. पूर्वज नाहीत म्हणजे रीत नाही, आणि रीत नाही म्हणजे नानांना नाही म्हणायला जागा नाही. शिवाय वेळ बघा. आठला झेंडा, नऊला भाषणं, घरी येईपर्यंत दहा-साडेदहा. न्याहारी टळून गेलेली, जेवण अजून लांब. 'या वेळेच्या खाण्याला आपल्यात नावच नाही,' ते म्हणाले. 'ज्याला नाव नाही ते जेवण कसं? नानांना मी त्या दिवशी जेवायला बोलावणारच नाही. नुसतं खायला बोलावणार. एकदा त्यांचा हात माझ्या घरातल्या घासाला लागू दे, मग आमची ही जेवेल.'

तेव्हापासून अडीच महिने त्या माणसाने दुसरा विचार केला नाही. जेवण नव्हे असं जेवण शोधायचं होतं. भात तर नाहीच. पाण्यात शिजवून मीठ घातलेलं काहीही नाही, कारण ते अन्न. पोहे निघाले, पण मग त्यांनाच शंका आली की पोहे म्हणजे चेपलेला भातच की. साबुदाण्याची खिचडी उपासाला चालते म्हणून मी सुचवली, तर राष्ट्राच्या सणाला उपास कसला म्हणून ती त्यांनी मोडीत काढली. शेवटी दशमी सापडली. पीठ दुधात भिजवायचं, पाण्याचा थेंब नाही. प्रवासाला निघालेले सोवळ्यातले म्हातारेही ती बरोबर नेत. सोबत लोणी, तिळाची कोरडी चटणी, दुधात भिजवलेल्या लाह्या, केळी, खजूर. दशम्या गव्हाच्या की ज्वारीच्या यावर एक आख्खा रविवार गेला.

गोडाचं राहिलं. त्यासाठी मला बरोबर घेऊन ते उल्हासनगरला गेले, त्याला तेव्हा सगळे कॅम्पच म्हणत. तिथल्या एका सिंधी हलवायाचा मावा नावाजलेला होता. साडूंनी आधी त्याला मावा किती आटवतोस, साखर केव्हा घालतोस असं सगळं विचारून घेतलं, आणि मग न राहवून खरी अडचणही सांगितली. हलवाई चांगला माणूस, उलथनं खाली ठेवून सगळं ऐकलं आणि म्हणाला, 'साईं, आपके ससुर तो पानी पी लेते हैं. हम तो बेटी के घर का पानी भी नहीं पीते.' परतीच्या वाटेवर साडू म्हणाले, 'फाळणीत घरदार टाकून आली ही माणसं, जमीनजुमला टाकून आली. हे एवढं मात्र गाठोड्यात बांधून आणलं.' पेढे मात्र त्यांनी सांगून ठेवले होते, तेही बिनवेलचीचे, कारण वेलची लाह्यांच्या दुधात पडणार होती.

तरी ताटात काहीतरी गरम, काहीतरी खमंग हवं, ही रुखरुख होतीच. ती मिटवली बदलापूरजवळच्या चामटोलीच्या एका शेतकऱ्याने. त्याने वालाच्या शेंगांची पोपटी सुचवली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मडकं उपडं घालून भोवती जाळ. 'पानी घालाचाच नाय, सायब,' असं तो म्हणाला आणि साडूंना आनंदाने भरून आलं. पाण्याशिवाय शिजतं म्हणजे ते अन्नच नव्हे. जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी वसाहतीतल्या घरामागे प्रयोग केला. एक गोष्ट मात्र ते विसरले. त्यांचा कारखाना असा की वसाहतीसकट साऱ्या आवारात उघड्यावर विडी पेटवायलाही बंदी. गोवऱ्यांचा धूर वर गेला न गेला तोच घंटा वाजवत बंब दारात. चार जवान नळी उलगडत मागच्या अंगणात शिरले आणि त्यांनी पाहिलं तर आपले साहेब, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, उपड्या मडक्यापुढे हात जोडून उभे: 'पाणी तेवढं घालू नका हो, सगळा बेत बुडेल.' जवानांच्या नाकात तोवर वास गेला होता. दहा मिनिटांनी बंब रस्त्यात उभा आणि मंडळी अंगणात उकिडवी बसून शेंगा सोलताहेत असं दृश्य होतं. दुसऱ्या दिवशी साडूंना वरिष्ठांनी बोलावून समज दिली. ती ऐकून घेतल्यावर त्यांनी वरिष्ठांना विचारलं म्हणे, तुमच्याकडे पोपटीत ओवा घालतात का?

पोपटी मग आमच्या अंगणात करून डब्यातून न्यायची असं ठरलं.

सव्वीस तारखेला आम्ही तिघं गेलो तर घरात शेजारपाजारच्या झाडून साऱ्या बशा गोळा झालेल्या. ही साडूंची शेवटची युक्ती. ताट म्हटलं की जेवण आलं, पाट म्हटला की जेवण आलं. म्हणून टेबल-खुर्ची आणि एकेक पदार्थ एकेका बशीत. दशमी एका बशीत, लोणी दुसऱ्या, चटणी तिसऱ्या. टेबल संपलं, खिडकीच्या कट्ट्यावर बशा गेल्या. लाह्यांचं दूध बशीतून सांडत होतं. अक्का नवं लुगडं नेसून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांच्या कपाळावर घाम होता, जानेवारीतला.

नाना गावातल्या शाळेचं झेंडावंदन आटोपून, कोटाला टाचणीने लावलेला कागदी झेंडा तसाच ठेवून आले. खुर्चीवर बसले. साडूंनी उभं राहून एकेका बशीकडे बोट दाखवत सांगायला सुरुवात केली: ही दशमी, दुधातली, पाणी नाही. या लाह्या, भाजलेल्या, शिजवलेल्या नाहीत. या शेंगा, यांना पाण्याचा स्पर्श नाही. ही वेळ, हिला नाव नाही. हा सण, याला रीत नाही. मास्तरांपुढे पोराने कविता म्हणावी तसं ते न अडखळता म्हणत गेले, आणि नानाही मान हलवत ऐकत राहिले. माझ्या बायकोने माझा हात धरला होता. साडूंचं संपलं.

'सगळं बरोबर आहे,' नाना म्हणाले. 'कुठं चूक नाही.' पण त्यांचे हात मांडीवरच राहिले.

बशीतल्या लोण्याकडे पाहत नाना पुढे बोलले. 'जावईबापू, तुम्हाला काय वाटलं, मी शास्त्र पाळतोय? चाळीस वर्षं मास्तरकी केली. शाळेत कुठल्या आळीतल्या पोराच्या फडक्यातली भाकरी मी खाल्ली नाही ते विचारा. मला कसलं सोवळं? ही लग्न होऊन इथं आली तेव्हा हिच्या आईबरोबर मीही म्हटलं, नातू झाला की जेवायला येऊ. तेवढी रीत पाळली. मग वर्षं गेली. आता इथं घास घेतला, तर हिला वाटेल, बापानं आशा सोडली. ते माझ्याच्यानं होत नाही.'

साडूंचं बोट अजून शेवटच्या बशीवर होतं. अडीच महिने त्यांनी दूध, पाणी, मीठ, वेळ, बशी सगळ्याचा विचार केला होता. हा विचार त्यांच्या मनाला शिवला नव्हता, आणि आमच्याही.

अक्का दारातून पुढे आल्या. मला वाटलं, आता रडतील. त्या रडल्या नाहीत. त्यांनी नानांच्या समोरच्या दोन बशा उचलून एकात एक ठेवल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या, 'नाना, मी केव्हाच सोडली. तुम्ही एकटेच धरून बसलात, आणि मी इकडे उपाशी.'

नानांनी वर पाहिलं. मग कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला आणि म्हणाले, 'मग हे उचल बाई सगळं. भात टाक.'

भात टाकायला तांदूळ निवडलेले नव्हते, वरणाला डाळ धुतलेली नव्हती. या घरात त्या दिवशी भाताला बंदी होती ना. माझी बायको पदर खोचून आत धावली. तासभर आम्ही बशांच्या गराड्यात बसून राहिलो आणि नाना आमच्या मुलाला झेंड्यातल्या चक्राचे आरे मोजायला शिकवत होते. मग जमिनीवर पाट मांडले, ताटं मांडली, आणि अक्कांनी बापाच्या ताटात भाताची मूद पालथी घातली, वर वरण, वर तूप. नाना जेवले. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. अक्का समोर बसून जेवल्या. शेंगा तशाच राहिल्या, त्या मी आणि मुलाने संपवल्या. तितकी सुंदर पोपटी पुन्हा झाली नाही.

नानांना गाडीत बसवून आम्ही परत आलो तेव्हा साडू मागच्या पायरीवर एकटे बसले होते. मी जवळ जाऊन म्हणालो, काय, जिंकलात की. त्यांनी नाही अशी मान हलवली. म्हणाले, 'ते जेवत नव्हते तोवर या घरात कुणीतरी वाट पाहत होतं. ते मी बंद केलं.' त्यांनाही एक मूल हवं असेल, हे इतक्या वर्षांत माझ्या प्रथमच लक्षात आलं. बेतांच्या गडबडीत त्या माणसाने ते कुणाला दिसू दिलं नव्हतं.

अक्का हात पुसत बाहेर आल्या. यजमानांकडे एकदा पाहिलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. 'रविवारी नानांना बोलावू,' त्या म्हणाल्या. 'जेवायला. त्यांना आवडतं ते करते मी.'

साडूंनी हळूच विचारलं, 'त्यांना आवडतं काय?'

साऱ्या गणगोताच्या जिभा पाठ असलेल्या माणसाला आपल्या सासऱ्याची आवड ठाऊक नव्हती. ठाऊक असणार कशी? एवढ्या वर्षांत त्यांना आपल्या घरी जेवताना पाहिलं होतं कधी?

'मेथीची भाजी,' अक्का म्हणाल्या.

साडूंनी सवयीने डोळे मिटले, मान तिरपी केली. 'डाळ घालून की पीठ पेरून?'

'पीठ पेरून. आणि लसूण जास्त.'

त्यावर एरवी त्यांनी काही ना काही काढलं असतं. त्या दिवशी ते म्हणाले, 'तू म्हणशील तसं,' आणि दोघं तिथंच बसून राहिले.

पुढे तीन-चार वर्षं नाना दर रविवारी तिकडे जेवले, आणि मग गेले. त्या वर्षांत माझी बायको आमच्याकडचा त्यांचा पाट अधूनमधून पुसून भिंतीला टेकवून ठेवी. नानांनी आमच्याकडे यावं असं तिला वाटत नसेल असं नाही, पण अक्कांचे राहिलेले घास भरून निघावेत म्हणून तिने कधी बोलावलं नाही.